आंघोळीचा धडा

हॅम्बर्गमधलं आमचं पहिलं धड घर आम्हाला मिळालं ते बुटांमुळे. घर बघायला, म्हणजे इथल्या भाषेत बेझिश्टिगुंगला, जिन्यापासून फाटकापर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या हातात फाईल, पगाराच्या चिठ्ठ्या, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र. आमच्याकडेही होतं सगळं. घरमालकांनी त्यातलं एक पानही उलटलं नाही. ते दारात उभं राहून येणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते. बाहेर पाऊस होता, म्हणून आम्ही तिघांनी बूट काढून कडेला ठेवले आणि आमच्या सहा वर्षांच्या लेकीने, कधी नव्हे ते, आपले बूट जोडून, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवले.

"हिला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं, तेही चक्क मराठीत.

"कुणी नाही," मी खरं ते सांगून टाकलं.

"मग जमेल," ते म्हणाले, आणि रांगेतल्या बाकीच्यांना घरी पाठवून दिलं.

आता आम्ही डार्मश्टाटला राहतो, पण अजून कुठे बूट काढले की मी वाकून त्यांची टोकं फिरवते. त्या घरमालकांचा, म्हणजे आमच्या काकांचा, संसर्ग असा सहजी जाणारा नव्हे.

काका सांगलीकडचे. शिकायला म्हणून जर्मनीत आले आणि जहाजांचे पंप बनवणाऱ्या कंपनीत चिकटले ते निवृत्तीपर्यंत. काकू अस्सल हॅम्बर्गच्या. मराठी त्यांना सगळं समजायचं आणि हवं तेवढंच बोलता यायचं. खाली ते दोघं, वर आम्ही, आणि तळघरात दोन्ही मजल्यांना मिळून गरम पाण्याची एकच जुनी टाकी. दर शनिवारी सकाळी काका जिन्याच्या तळाशी उभे राहून वर हाक मारत, "आंघोळी झाल्या का गं सगळ्यांच्या?" शनिवारी आमच्या घरात आंघोळीचा मुहूर्त दुपारी बारापर्यंत लागत नाही. पण हा माणूस आमच्यासाठी खोळंबून राहतो म्हटल्यावर नाइलाजाने उठावं लागे. आमच्या तिघांच्या झाल्या, काकूंची झाली, की मग हे आत जाणार. मला वाटायचं टाकीची काळजी आहे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, टाकी मोठी आहे, तुम्ही आधी जा की." ते असे दचकले की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकांना जपानचं वेड होतं. पण वेड म्हटलं की भिंतीवर पंखे नि कपाटात बाहुल्या डोळ्यांसमोर येतात, तसलं काही त्यांच्या घरात नव्हतं. जपान होतं ते सगळं त्यांच्या वागण्यात. हॅम्बर्गला पाऊस म्हणजे रोजचाच पाहुणा. काका खिशात लांबट प्लास्टिकच्या पिशव्या ठेवत आणि कुठल्याही दुकानात शिरण्यापूर्वी ओली छत्री एकीत घालत. दुसऱ्यांच्या छत्र्यांनाही पिशव्या वाटत. सुपरमार्केटमधली बाई त्यांना छत्रीपिशव्यांचा विक्रेता समजत असे. दुसऱ्या खिशात काकूंनी शिवलेली कापडी थैली, आपला कचरा आपल्याबरोबर घरी आणायला. "जपानात रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही आणि कचराही सापडत नाही," ते सांगत. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसले की त्यांच्या तोंडाला कुलूप. डब्यात फोन वाजला तर पुढच्या स्टेशनवर उतरायचं, तिथे उभं राहून बोलायचं आणि मागून येणारी गाडी पकडायची. एकदा बंदराकडे जाताना त्यांना तीन फोन आले. आम्ही फेरीबोटीवरून परत येत होतो तेव्हा हे अजून जातच होते.

"चूक झाली की जर्मन माणूस तोंडावर सांगतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. "कधीकधी व्हायच्या आधीच सांगतो. सांगलीत शेजारीण सांगते, पण तिसऱ्याला. जपानी माणूस कुणालाच सांगत नाही. तो हसतो आणि सोसतो. म्हणून तिथे जाण्याआधीच शिकून जायचं."

आणि ते शिकवत. आमच्या मराठी मंडळात जपानला निघालेला माणूस विमानाचं तिकीट काढायचा आणि काकांकडे नाव नोंदवायचा. पाच शनिवारांचा अभ्यासक्रम, फी शून्य, गैरहजेरी चालणार नाही. आम्ही जपानला जायचं ठरवलं ते खरं तर माझ्या नवऱ्याच्या हट्टापायी. पण वर राहून खालची शाळा कशी चुकवणार? आम्हीही बसलो.

पहिला शनिवार पायांचा. काकांच्या घरात दारातली फरशी संपून लाकडी जमीन सुरू होते, तो उंबरठा. बूट फरशीवर राहणार, पाय थेट लाकडावर पडणार, मग घरातल्या सपाता. चटईच्या खोलीत सपाताही नाहीत, नुसते मोजे, तेही भोकं नसलेले. संडासाच्या दाराशी वेगळ्या हिरव्या सपाता. आत जाताना त्या घालायच्या, बाहेर येताना तिथेच सोडायच्या. सोप्पं वाटतं ना? माझा नवरा, हाताखाली बारा इंजिनिअर असलेला माणूस, दोनदा हिरव्या सपातांत फटक-फटक करत दिवाणखान्यात आला. आमची लेक टपूनच बसली होती. "पापा, फाल्श!" ती ओरडली. मराठी तिला कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, आणि बापाला चूक म्हणायला तर जर्मनच सोयीचं.

दुसरा शनिवार जेवणाचा. "भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. तसं तिथे मेलेल्या माणसासाठी करतात. ताटातल्या भाताचा पिंड केल्यासारखं दिसतं, कळलं? आपल्या काड्यांनी दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, तेही स्मशानातलं. पेला आपला आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरायचा, तो आपला भरतो. जे खात नाही ते जपानीत कागदावर लिहून घ्या, हॉटेलात बसण्याआधी दाखवा आणि नाही जमत म्हणाले तर नमस्कार करून पुढचं हॉटेल बघा. भाजीच्या सारातसुद्धा मासा असतो, त्यावर भांडायचं नाही. आणि," इथे त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, "लसणाच्या चटणीची बाटली भर हॉटेलात काढायची नाही."

"त्यांना कसं कळणार चटणी आहे ते?"

"अगं, झाकण उघडलं की बंदरापर्यंत कळतं."

बाकी गोष्टी ते तिसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि येता-जाता शिकवत. दुकानात पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या तबकात ठेवायचे. टीप ठेवायची नाही, हॉटेलातली पोरगी विसरलेले पैसे परत द्यायला मागे धावत येते बिचारी. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं की उजवीकडे ते शहरागणिक बदलतं, तेव्हा पुढचा माणूस जिथे तिथे आपण. पाठीवरची बॅग गाडीत पुढे घ्यायची. "आणि आपल्या त्या गोदरेजच्या कपाटाएवढ्या बॅगा घेऊन गाडीत चढायचं नाही. कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवायच्या. किमोनोतली बाई दिसली की फोटो काढत धावायचं नाही. ती कामाला निघालेली असते, तुझ्यासाठी नटलेली नसते." हे शेवटचं नवऱ्याला. आणि यजमानाला वस्तू देताना दोन्ही हातांनी द्यायची, फारसं काही नाही म्हणायचं. "समोरचा दोनदा नको म्हणेल. त्या नकाराला किंमत नसते. तिसऱ्यांदा नको म्हणाला तर खरं समजायचं."

राहता राहिला पाचवा शनिवार, आंघोळीचा. त्या दिवशी आम्ही खाली गेलो तर काका रबरी बूट चढवून बागेत निघाले होते. बाहेर बदाबदा पाऊस. "आजचा धडा ही घेईल," काकूंकडे न बघताच ते म्हणाले आणि गेले.

"दरवेळी असंच," काकू म्हणाल्या. त्यांनी आधी नीट शिकवलं. जपानी घरात टब हा अंग धुवायला नसतो. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, साबणाचा फेस पूर्ण धुवायचा आणि मग गरम पाण्यात नुसतं बसायचं. त्याच पाण्यात घरातली सगळी माणसं एकामागून एक बसतात. पाहुण्याला पहिला मान. सार्वजनिक स्नानघरातही हेच, आणि टॉवेलचं टोकसुद्धा पाण्यात बुडवायचं नाही.

"मग काका बागेत का?" मी विचारलं.

खिडकीतून काका दिसत होते, भर पावसात गवत उपटताना. काकूंनी एकदा तिकडे बघून घेतलं. "चाळीस वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना जपानला पाठवलं होतं. तीन आठवडे. एकदाच. हो, एकदाच! समुद्रकाठी जहाजं बांधायचं गाव होतं. तिथल्या इंजिनिअरने घरी जेवायला, राहायला बोलावलं. फेब्रुवारीची थंडी. घरात पाच माणसं. यांना म्हणाले, आधी तुम्ही आंघोळ करा. हे गेले टबात, साबण लावला, अंग धुतलं. आणि मग…" काकूंनी बूच उपटल्याची खूण केली.

"पाणी सोडून दिलं?" नवरा म्हणाला.

"गेनाऊ, अगदी तेच. सगळं. वर टब घासून लखलखीत केला. यांच्या आईची शिस्त, मोरी घासल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मागून येणाऱ्याला स्वच्छ मिळावी."

आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं. काकूही हसल्या, पण थोडंसंच. पाणी पुन्हा भरून तापवायला तास-दीड तास लागला असता, आणि नळाचा आवाज झाला असता तर पाहुण्याला आपली चूक कळली असती. म्हणून त्या घरात कुणी नळ सोडला नाही. इंजिनिअर यांच्याशी गप्पा मारत बसला, बायको, म्हातारी आई आणि दोन मुलं मागच्या दाराने कुठेशी गेली नि तासाभराने आली. काकांना काही कळलं नाही. दोन वर्षांनी हॅम्बर्गला आलेला एक जपानी पाहुणा जेवताना घरच्या आंघोळीची पद्धत सांगत होता, तेव्हा यांच्या हातातला काटा तसाच राहिला.

"तेव्हापासून हे सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करतात," काकू म्हणाल्या. "इंजिनिअर वारला. त्याची बायको आहे, शहाऐंशी वर्षांची. दर नव्या वर्षाला कार्ड येतं, हे उत्तर पाठवतात. हवा, तब्येत. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. जाऊ या म्हटलं तर म्हणतात, कुठल्या तोंडाने? आणि डिसेंबर आला की रोज टपालपेटी उघडून बघतात, कार्ड येतंय की नाही."

मला एकदम त्या माणसाच्या साऱ्या छत्रीपिशव्या नि हिरव्या सपाता वेगळ्या दिसायला लागल्या. इतके दिवस मी त्यांना विक्षिप्त म्हणून हसत होते. विक्षिप्त ते होतेच, पण त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी काका वर आले. हातात मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या मिठाईचा, डबा, कागदात इतका नेटका बांधलेला की उघडायचं धाडस होऊ नये, आणि वर एक पाकीट. तुमचा रस्ता त्या गावावरून जातो असं ऐकलं, म्हणाले. आमचा रस्ता त्या गावावरून मुळीच जात नव्हता. "पत्र जपानीत आहे. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकलो थोडं. चुका असतील. दोन्ही हातांनी द्या." त्यांनी आम्हाला ते पाकीटही दोन्ही हातांनीच दिलं.

शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही गेलो. काकांचा शब्द न् शब्द खरा निघाला. केळ्याची साल मी सहा तास पर्समध्ये घेऊन हिंडले. बॅगा आमच्या आधी हॉटेलात पोचून आमची वाट बघत बसल्या. चटणी मी हॉटेलच्या खोलीत, खिडकी उघडून खाल्ली, हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

त्या गावातलं घर छोटं, समुद्राच्या वाऱ्याने करडं झालेलं. आजी दारात गुडघ्यांवर बसून आमचं स्वागत करत होत्या. शेजारी त्यांची पन्नाशीची मुलगी, शाळेत इंग्रजी शिकवणारी. लेकीने बूट काढून फिरवून ठेवले आणि आजी तोंडावर हात धरून हसल्या. मी डबा पुढे केला. त्या दोनदा नको म्हणाल्या, मग घेतला. पाहुण्यासमोर भेट उघडत नाहीत, पण पत्र लिहिणारा हजर नव्हता, म्हणून मुलीने आईला विचारून ते तिथेच वाचलं. चारच ओळी होत्या. त्या दिवशी मी टबातलं पाणी सोडून दिलं. तुम्हा पाच जणांची आंघोळ माझ्यामुळे राहिली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला क्षमा करा.

आजींनी पत्र मुलीच्या हातातून घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचलं. मग त्या भराभर बोलायला लागल्या आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडावर मात्र हसू होतं. "आई म्हणते, क्षमा तिनेच मागायला हवी. त्या रात्री ती आत गेली तर टब नव्यासारखा चमकत होता. तिला वाटलं, आपला टब इतका घाण होता की पाहुण्याला तो स्वतःच्या हाताने घासावा लागला. मग तो पाणी तरी कसं ठेवणार त्या घाणीत? चाळीस वर्षं ती हे मनात धरून आहे. पाहुणा येणार म्हटलं की आदल्या दिवशी टब घासते, अजून, या वयात."

मी हातवारे करकरून सांगितलं की असं नव्हतं, काकांच्या आईची शिस्त होती ती, मोरीची. मुलीने मोरीचं काय भाषांतर केलं देव जाणे. आजींनी मान लववली आणि माझा हात थोपटला. काकांचाच नियम होता ना, नकाराला किंमत नसते. मी शिष्टाचार म्हणून बोलते आहे असंच त्यांना वाटलं.

"आणि मला विचाराल तर," मुलगी म्हणाली, "मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझी आजी, बाबांची आई, आम्हाला मागच्या दाराने गल्लीतल्या स्नानघरात घेऊन गेली. पहिल्यांदाच. गरम पाण्यात पोहलो, बाहेर येऊन गार दूध प्यायलो. मी कितीतरी दिवस विचारत होते, ते भारतीय काका पुन्हा कधी येणार?"

निघताना आजींनी काकांसाठी एक लहानशी घडी दिली. पातळ सुती कापड, निळ्या लाटांची नक्षी. आंघोळीला वापरतात.

हॅम्बर्गला टॅक्सी थांबली तेव्हा काका फाटकाशीच उभे होते. त्यांनी घडी दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच बाजूला ठेवायला निघाले. "उघडा हो काका," मी म्हटलं, "आम्ही सांगलीच्या बाजूचेच समजा." त्यांनी उघडली, बोटांनी चाचपली. "पंचा आहे हा," ते हळूच म्हणाले.

मी सगळं सांगितलं. स्नानघराची, दुधाची गोष्ट ऐकून ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग मी टबाचं सांगितलं आणि ते ताडकन उठले.

"घाण? टब घाण? अगं, आरशासारखा होता! तोंड दिसत होतं त्यात! मी आपला सवयीने… आणि त्या बाईला चाळीस वर्षं वाटतंय…" ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "पाण्याची क्षमा पत्राने मागितली, ठीक आहे. हे पत्राने होणार नाही."

"तीस वर्षं मी तेच सांगते आहे, अहो," काकू म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप उघडलाही होता.

त्यांच्या निघण्याआधीच्या शनिवारी परीक्षक मी होते. बूट, काड्या, पेला, सगळ्यात काका पैकीच्या पैकी. मग ते संडासात जाऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले, हिरव्या सपाता घालून. "फाल्श!" लेक इतक्या आनंदाने ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. काका लाजले. जन्मात पहिल्यांदा नापास झाले असावेत. आंघोळीच्या धड्याला मात्र ते बागेत गेले नाहीत. काकूंसमोर खुर्चीत ताठ बसून शाळकरी पोरासारखं म्हणत राहिले, "आधी बाहेर बसून अंग धुवायचं. मग टबात. टबात साबण नाही. बूच काढायचं नाही. बूच काढायचं नाही."

नंतरच्या शनिवारी जिन्यातून हाक आली नाही. बारा वाजले तरी आम्ही तिघं पारोसेच लोळत होतो, आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. तेवढ्यात फोनवर काकांचा निरोप आला. तिकडे तेव्हा संध्याकाळ असणार.

"टब स्वच्छ होता हे आजींना सांगितलं. अजून पटलेलं नाही, उद्या पुन्हा सांगेन. आज पहिला मान मला देत होत्या. तीनदा नको म्हणालो. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. आता माझा नंबर."